सेन्सर बसवला, पण त्याची काच कोण पुसणार?

संपादक साहेब, नमस्कार.

गोदावरीला पहिला पूर आला की नळाला गढूळ पाणी येतं, लोक ओरडतात, आणि आजकाल उत्तर ठरलेलं असतं की प्लांटवर गढूळपणा सतत मोजणारा ऑनलाइन सेन्सर आहे, रीडिंग ओके आहे. मी पाण्याच्या प्लांटवर नोकरी केलीय म्हणून सांगतो, नुसतं रीडिंग ओके असून भागत नाही, ते कधी तपासलं होतं ते आधी विचारा.

हा सेन्सर पाण्यात प्रकाश सोडतो आणि कणांवर आदळून काटकोनात जो प्रकाश फाकतो तो मोजून एनटीयूचा, म्हणजे गढूळपणाच्या एककाचा, आकडा देतो. म्हणजे सगळी भिस्त त्या एवढ्याशा काचेवर. उन्हाळ्यात धरणात पाणी कमी झालं की शेवाळ वाढतं, शिवाय आपल्याकडच्या पाण्याला क्षार, काचेवर बुळबुळीत थर धरायला वेळ लागत नाही. पातळ थर असला तर रीडिंग हळूहळू वर सरकतं आणि ऑपरेटर उगाच तुरटी वाढवतो, जाड गाळ बसला तर प्रकाशच अडतो, रीडिंग खाली येतं आणि गढूळ पाणी पास होतं. हे दुसरं फार वाईट, कारण मातीच्या कणाआड जंतू लपले की क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १ एनटीयूच चालतो, दुसरं पाणीच नसेल तर ५ पर्यंत, मग तिथं अर्ध्या-एकाची चूक लहान कशी म्हणायची?

आणि आधी काच साफ, मग कॅलिब्रेशन (म्हणजे गढूळपणा माहीत असलेल्या द्रावणाशी रीडिंग जुळवून घेणं), हा क्रम चुकवू नका. मळक्या काचेवर कॅलिब्रेशन केलं तर तो मळच शून्य म्हणून धरला जातो. साफ करायच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग वहीत लिहिलं की किती दिवसांनी साफ करायचं ते आपोआप कळतं. मऊ कापड वापरा, तारेची घासणी अजिबात नको, चरा पडला की काच गेली. काच आपोआप पुसणारा वायपर असला तरी त्याचं रबर बघावं लागतं, रबराखाली वाळूचा कण अडकला तर तोच काच खरवडतो. कॅलिब्रेशनला लागणारं फॉर्माझिनचं पातळ केलेलं स्टँडर्ड द्रावण लवकर बिघडतं, ते त्याच दिवशी ताजं करायचं, आणि हातमोजे घालूनच कारण त्यातलं हायड्राझिन विषारी असतं.

मराठवाड्यातल्या एका केंद्रावर मी स्वतः बघितलं, सेन्सर महागाचा, पण स्टँडर्ड द्रावणाची बाटली मुदत संपलेली, नवीन मागितली तर बजेट नाही. मशीनला पैसे मिळतात, बाटलीला मिळत नाहीत, याचा मला खरंच संताप येतो.

म्हणून एवढीच मागणी आहे, टेंडरमध्ये सेन्सरच्या किमतीसोबत द्रावण, वायपर आणि साफसफाईचा पाच वर्षांचा खर्च धरा, आणि जिथं रीडिंग दाखवता तिथंच शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीखही दाखवा.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, परभणी