तुझ्या त्या तीन ओळी

पुणे, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

आपल्या प्रोग्राममधल्या, मराठी नावं मोडू न देणाऱ्या तुझ्या त्या तीन ओळी गेल्या. वरची 'काढू नये, मार खाल' ही कॉमेंटही गेली. इथे कुणाला सांगितलं तर 'बरं, मग?' म्हणतात, म्हणून तुला लिहितोय. गणपतीत तुझे दोन मेसेज आले होते, उत्तर दिलं नाही. त्याबद्दलच्या शिव्या पत्र वाचून झाल्यावर दे, एकदम घेतो. तब्येत ठीक. शुगर हद्दीत, गुडघा हद्दीबाहेर.

तर नावं साफ करणाऱ्या त्या जुन्या फंक्शनची 'सफाई' एआयकडून करून घेतली गेली. चारशे ओळींचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकांची यादी, आणि वर गोड वर्णन: 'अनावश्यक रूपांतर काढले, अदृश्य चिन्हे गाळणे एका ओळीत आणले.' सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. रिव्ह्यूला दोघांच्या सह्या, त्यातली एक माझी. हो, माझी. पुढे वाच.

ती एक ओळ तू डोळे मिटून सांगशील: युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, २००बी ते २००डी आणि एफईएफएफ या क्रमांकांची न दिसणारी चिन्हं उडवा. इंग्रजी मजकुरासाठी बरोबर आहे, आणि जगभरच्या कोडमध्ये इतक्या वेळा लिहिली गेलीय की एआयला तीच सुचणार. पण २००डी म्हणजे आपला झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. जुन्या डेटात 'ऱ्य'मधला आडवा र हा र, हलन्त आणि २००डी असाच साठवलेला. मधला २००डी काढला की तो र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो, दुसऱ्या वर्गाचं 'दुसर्या', कुऱ्हाडीचं 'कुर्हाड'. आणि आचाऱ्यास बोलावलं तर आचार्य येतात. मास्तर असते तर म्हणाले असते, पंगतीला श्लोक वाढा.

गंमत अशी की सगळा डेटा मोडत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ज्यांनी ऱ टाइप केला त्यांच्याकडे ०९३१ हा स्वतंत्र वर्ण आहे, त्याला धक्का लागत नाही. म्हणजे एकाच यादीत एक बऱ्हाणपूर शाबूत आणि दुसरं मोडलेलं. तक्रार आली की वाटतं टायपिंगची चूक, आणि शोध भलत्याच दिशेला जातो. तुझ्या तीन ओळी नेमक्या याचसाठी होत्या: आधी एनएफसी, म्हणजे एकच अक्षर साठवायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणं, मग '०९३०, ०९४डी, २००डी' (र, हलन्त, झेडडब्ल्यूजे) या तिघांच्या जागी '०९३१, ०९४डी' (ऱ, हलन्त), आणि त्यानंतरच झाडू. झाडूतही २००बी आणि एफईएफएफ एवढंच. २००सी, म्हणजे अक्षरं जुळू न देणारा, ठेवायचा, नाहीतर 'वाङ्मय' लिहिणाऱ्यांनी मुद्दाम पाय मोडून ठेवलेला ङ पुन्हा म ला चिकटतो. मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी त्याची साफ केलेली वेगळी प्रत, म्हणजे किल्ली, बनवायची, हेही तुझंच. त्या वेळी मी त्याला उगाच डबल काम म्हणालो होतो. म्हणालो होतो, आठवतंय, तू उकरू नकोस.

चूक दाखवली तर एआय लगेच म्हणतो, 'अगदी बरोबर, लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद.' आणि दुरुस्ती म्हणून य आणि ह च्या आधीचा प्रत्येक र् सरसकट ऱ् करतो. सूर्याचा 'सूऱ्य'! तेही दाखवलं की अपवादांची यादी बनवायला घेतो. सूर्य, कार्य, आर्य, धैर्य... सदू असता तर यादी पूर्ण होईपर्यंत चहा पीत बसला असता.

मग टेस्ट हिरव्या कशा, तर त्याही एआयनेच लिहिल्यात. आठ टेस्ट, आठही नावं राम, सीता, पुणे या चालीची. ज्या गैरसमजातून कोड आला त्यातूनच टेस्ट आल्या, त्या कोडला कशाला पकडतील? भागाकाराचा ताळा त्याच चुकीच्या पाढ्याने घेतला तर तो जुळणारच.

आणि हे काही एकट्या ऱ्य चं नाही. अक्षरांवरची अ‍ॅक्सेंटची चिन्हं काढायचा नेहमीचा पायथन तुकडा घे: एनएफडी करा, म्हणजे अक्षर आणि त्यावरचं चिन्ह सुटं करा, आणि युनिकोडच्या 'एमएन' या चिन्हांच्या गटातलं सगळं गाळा. फ्रेंच नावांना ठीक. आपल्याकडे हलन्त, अनुस्वार, उकार, मात्रा सगळे त्याच गटात, आणि काना-वेलांटी मात्र 'एमसी' या दुसऱ्या गटात. म्हणजे कुलकर्णीचं 'कलकरणी' आणि देशपांडेचं 'दशपाड'. पायथनच्या साध्या रेगेक्समधला, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सोयीतला, 'शब्दातलं अक्षर' ओळखणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू तर 'पुणे'चे प आणि ण असे दोन शब्द करतो. लांबीचंही तेच. 'ज्ञानेश्वरी' म्हणजे अकरा कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक), यूटीएफ-८ या साठवायच्या रीतीत तेहतीस बाइट, वाचणाऱ्याला चार अक्षरं. अक्षरं मोजायला सेगमेंटर, म्हणजे मजकूर अक्षरांत तोडणारा प्रोग्राम, वापरावा, तर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षरांचा नियम बदलल्यामुळे जुनं इंजिन सहा सांगतं आणि नवं चार. एआय यातलं काहीतरी एक ठामपणे सांगतो. कुठल्या आवृत्तीवर, हे विचारल्याशिवाय सांगत नाही. अनुक्रमणिका लावायला सांगितली तर कोडपॉइंटच्या क्रमाने ळ आणतो ल च्या शेजारी. ह, ळ, क्ष, ज्ञ हा पहिलीतला क्रम. पण त्याने पहिली केलीय दुसऱ्याच शाळेत.

आता तू एआयने ५५ टक्के वेळ वाचतो हा तुझा आवडता आकडा काढशील. काढच. कोड लिहून देणाऱ्या कोपायलट या एआयच्या त्या प्रयोगात ९५ जण होते, काम एकच: जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा एचटीटीपी सर्व्हर, कोऱ्या पाटीवर. हत्यार नसलेल्यांना २ तास ४१ मिनिटं लागली, असलेल्यांना १ तास ११. मला मान्य आहे. पण आपण कोऱ्या पाटीवर शेवटचं कधी लिहिलं? २०२५ मध्ये मेटर या संस्थेचा प्रयोग आला, त्यात १६ अनुभवी लोक, २४६ कामं, आणि कोड ज्याचा त्याचा, वर्षानुवर्षं सांभाळलेला. आधी त्यांना वाटलं एआयने २४ टक्के वेळ वाचेल. काम संपल्यावर वाटलं २० टक्के वाचला. घड्याळात १९ टक्के जास्त लागला होता. सोळाच माणसं, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीची हत्यारं, तेव्हा यावर देऊळ बांधू नकोस. उशीर झाला यापेक्षा झालेला उशीर त्यांना कळला नाही, हे मला जास्त टोचतं.

कारण टाइपिंगचा वेळ डोळ्याला दिसतो, तपासण्याचा दिसत नाही. स्वतः लिहिताना प्रत्येक ओळीला 'इथे काय मोडेल' हे आपोआप मनात येतं. दुसऱ्याचा, त्यातून इतका नीटनेटका दिसणारा कोड वाचताना ते मुद्दाम आणावं लागतं, आणि चारशे ओळींत सत्तराव्या ओळीपर्यंत मन शिट्टी वाजवायला लागतं. गबाळ्या कोडकडे तरी संशयाने बघतो आपण. याचा पोशाख नवरदेवाचा असतो.

कामाला येत नाही असं नाही. एकदाच चालवायची सीएसव्ही तक्त्यांची उलटापालट, अनोळखी एरर मेसेजचा अर्थ, डेटाबेसला विचारायच्या लांबलचक एसक्यूएलचा पहिला खर्डा, हे मीही करून घेतो. म्हणजे जिथे चूक झाली तर लगेच दिसते किंवा दिसली नाही तरी चालते. नवं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, सुचवलं तर आधी ते खरंच आहे का, कुणाचं आहे, कधीपासून आहे ते बघायचं आणि मगच इन्स्टॉल. एका अभ्यासात सोळा एआय मॉडेलांकडून कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास पाचवा हिस्सा अस्तित्वातच नव्हता. असं नाव कुणी भामट्याने आधीच नोंदवून ठेवलं की आपण त्याला घरची किल्ली देतो.

माझी काळजी वेगळीच आहे, आणि ती पोरांना सांगता येत नाही, म्हाताऱ्याची कुरकुर वाटते. ते ऱ्य प्रकरण आपल्याला कसं कळलं? जुने फॉन्ट युनिकोडमध्ये आणताना हजार वेळा मोडलं म्हणून. आता मोडलेलं दुरुस्त करणाराही एआय आणि तपासणाराही तोच, तर दर्या का आला हे कुणाच्या डोक्यात राहणार? कॉमेंटमध्ये राहावं, तर कॉमेंट 'अनावश्यक' म्हणून पहिली उडते. आणि मीच सही केली, विन्या. मला माहीत असून. 'अदृश्य चिन्हे' हे दोन शब्द वाचले आणि डोळा पुढे सरकला.

तुझं काय? वहिनींची बदली झाली की अजून लटकलीय? चिमीला बारावीनंतर काय करायचंय ते तिलाच ठरवू दे, मला फोन लावून 'समजाव जरा' म्हणू नकोस. जोशीकाकूंचं कळलं असेलच. त्यावर भेटीत बोलू.

आता कामाचं. तू ती यादी केली होतीस, ऱ्य आणि ऱ्ह चे शब्द, दोन्ही पद्धतींनी टाइप केलेले, शेजारी सूर्य-कार्यवाले राखणदार म्हणून. तू म्हणत होतास टेस्टमध्ये घाल, मी म्हणालो कॉमेंट पुरे आहे, आणि आठवडाभर आपण बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं. हे वाक्य फ्रेम करून लाव हवं तर. यादी जुन्या लॅपटॉपवर असेल, कापूस काढलेल्या त्या बॅगेत. शोध आणि पाठव. वर्डमध्ये चिकटवून नको, साधी टेक्स्ट फाइल झिप करून पाठव, म्हणजे वाटेत कुणी साफ करणार नाही.

तुझा,
अव्या