बाबा, रिटर्न भरून टाकलंय

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधी सगळं वाचा, मग आईवर चिडा. 2025-26 चं तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न मी नवीन रिजीममध्ये, म्हणजे टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीने, भरलंय. ओटीपी आईने सांगितला पण तिला गळ मीच घातली होती.

आधी तुमची फाईल समोर घेऊन जुन्या रिजीमचाच हिशेब केला. महिन्याला 62,000 पेन्शन, एफडीचं व्याज, त्यातून एलआयसी, मेडिक्लेम सगळं वजा करून 6 लाख उरतात, त्यावर सेस धरून टॅक्स 31,200, पेन्शन देणारी ट्रेझरी महिन्याला 2,600 कापते ते हेच. नवीनमध्ये एलआयसी-मेडिक्लेमची वजावट मिळत नाही, पण 75,000 स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, आहे आणि 12 लाखांपर्यंत रिबेटमुळे, म्हणजे टॅक्समधल्या सुटीमुळे, टॅक्स शून्य. म्हणजे कापलेलं सगळं परत येणार.

तुम्ही म्हणाल सरकारने कापलं ते बरोबरच असणार. ट्रेझरीचं चुकलेलं नाहीच हो बाबा. पेन्शन पगारातच धरतात, तुम्ही जुनी रिजीम लिहून दिलीत, त्यावरून त्यांनी वर्षाचा अंदाज काढून महिन्याला थोडं थोडं कापलं. पक्का हिशेब रिटर्नमध्येच होतो, आणि धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिजीम दरवर्षी बदलता येते. यात लबाडी काहीच नाही.

तुमचा फेब्रुवारीचा पगार आठवतो मला. अनुदानित शाळा, वर्षाचा राहिलेला टॅक्स तेव्हाच एकदम कापायचे, वाण्याला "पुढच्या महिन्यात देतो" म्हणताना तुम्ही माझा हात घट्ट धरायचात आणि तरी येताना लिमलेटच्या गोळ्या घ्यायचात. त्या माझ्या बाबांचे 31,200 मी तसेच सोडून देऊ?

आता ऐका. ट्रेझरीत यापुढे जुनी रिजीम लिहून द्यायची नाही, काही नाही दिलं की ते नवीनच धरतात. बीपीची गोळी न घेता तिथे रांगेत उभं राहायचं नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मी आले की मोबाईलवरून करू. वजावट नाही म्हणून मेडिक्लेम बंद करायचा नाही, हप्ता मी भरेन. तुमची फाईलही जपून ठेवा, तुम्ही इतकी नीट लावलीत म्हणूनच मला हिशेब जमला. रिफंडच्या नावाने लिंक आली तर उघडू नका, पैसे आपोआप खात्यात येतात.

आई, तुझ्या गुडघ्यांसाठी खालच्या बाथरूममध्ये कमोड आणि धरायला दांडी बसवायचीय. रिफंडची वाट बघायची नाही, पैसे मी पाठवलेत. गवंडी सोमवारी येईल, बाबा, त्याला परत पाठवू नका.

तुमची,
सोनू