निखाऱ्यावर फुंकर घालायला जाताना

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमची तिकिटं निघाली, परदेशातल्या त्या ख्रिस्ती सेवाकार्याला भेट द्यायचं निमंत्रण हातात आलं, म्हणून मनात असलेलं सगळं एकदा नीट लिहून देते. फोनवर सांगितलेलं निम्मं राहून जातं.

पाचारण, म्हणजे देवानं सेवेसाठी केलेलं बोलावणं, नव्यानं व्हावं म्हणून जातोय, असं तुम्ही म्हणता. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि कार्यक्रमांच्या गर्दीत नेमकं हेच राहून जाईल अशी काळजीही वाटते. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की तुझ्या ठायी असलेलं कृपादान प्रज्वलित कर (2 तीमथ्य 1:6). तिथला मूळ ग्रीक शब्द निखारा पुन्हा फुलवण्याचा आहे. निखारा आत असतोच, वर राख साचलेली असते. ती झटकायला निवांत वेळ लागतो, आणि फुंकर बहुधा दुसऱ्या कुणीतरी घालावी लागते.

यरुशलेमच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, आपला सेवक बर्णबा याला अंत्युखिया शहरी पाठवलं तेव्हाचं वचन (प्रेषितांची कृत्ये 11:23) जाण्याआधी पुन्हा वाचा. त्यानं आधी देवाची कृपा पाहिली, मग आनंद केला, आणि बोध केला तो त्यानंतर. हाच क्रम ठेवा. पहिले चार दिवस एकही सूचना करू नका. कुणी आग्रहानं विचारलं तरी ‘अजून पाहतोय’ एवढंच सांगा. इतकी वर्षं सेवा केलेल्या माणसाला उणीव चटकन दिसते: सभासदांची यादी नाही, उपासना ठरल्या वेळेला सुरू होत नाही, तरुण मंडळी दिसत नाहीत. त्यामागचं कारण मात्र हळूहळू कळतं. काही ठिकाणी यादी नसते, कारण विश्वासणाऱ्यांची नावं कागदावर असणंच धोक्याचं असतं. तरुण दिसत नाहीत, कारण ते पाळीच्या कामावर असतात आणि रात्री उशिरा वेगळे जमतात. घाईनं दिलेला सल्ला यजमान विनयानं ऐकून घेतात, पण पुढचे दिवस ते तुमच्यासमोर फक्त चांगलं तेच मांडतात. मग खरी संगत संपलीच.

मुक्कामाची लांबी. पौल पेत्राला भेटायला यरुशलेमला गेला तेव्हा 15 दिवस राहिला (गलती 1:18). मला हे माप योग्य वाटतं. सहा-सात दिवसांत शरीर जेमतेम तिथल्या घड्याळाला जुळतं, आणि तीन आठवड्यांपुढे यजमानांच्या कामावर ताण येतो. पूर्वी अशा भेटी फार संथ असत. लंडन मिशनरी सोसायटीनं 1821 मध्ये डॅनियल टायरमन आणि जॉर्ज बेनेट यांना आपली सेवाकेंद्रं पाहायला धाडलं; ते फिरत राहिले, 1828 मध्ये टायरमन मादागास्करला वारले आणि बेनेट एकटे घरी परतले. आता विमानानं दोन आठवड्यांत जाऊन येता येतं, म्हणून यजमान प्रेमापोटी त्या दोन आठवड्यांत सगळं कोंबायला बघतात. तुम्हीच आधी लिहून कळवा: पोचल्यावर दोन दिवस काही नाही, त्यानंतर दिवसाला एकच कार्यक्रम, दर तिसरा दिवस मोकळा, आणि निघण्याच्या आदला दिवस पूर्ण शांततेचा. ‘प्रवासाचा शीण आहे’ अशी सबब नको. ‘आम्ही प्रार्थनेसाठी वेळ राखून ठेवतोय’ हे खरं कारण सांगा. सेवेतली माणसं ते लगेच समजतात.

यजमानांवरच्या ओझ्याचा विचार मंडळीनं अगदी आरंभापासून केलाय. दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती शिक्षणपत्रात फिरत्या प्रेषितासाठी नियम आहे की त्यानं एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, आणि पैसे मागितले तरी तो खोटाच. आपल्याला तो नियम शब्दशः लागू नाही, पण त्यामागची जाण हवी. पाळकाच्या घरी पहिल्या दोन रात्री राहा, पुढे जवळची वेगळी खोली बघा. राहण्या-जेवण्याचा आणि गाडीच्या इंधनाचा वाटा पहिल्याच दिवशी खजिनदाराकडे द्या. शेवटच्या दिवशी दिलेलं पाकीट भेट वाटतं, आणि ते घ्यायला यजमानांना संकोच होतो.

आता कागदपत्रं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 6 महिने चालू असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. बरेच देश हे बघतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते पाहा. सर्वांत महत्त्वाचं व्हिसाचं. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर उपदेश करणं किंवा शिबिर घेणं नियमभंग ठरतं, त्यासाठी धार्मिक कामाचा वेगळा प्रकार असतो. कुठला अर्ज करायचा हे यजमानांना लेखी विचारा आणि त्या देशाच्या दूतावासाकडून पक्कं करून घ्या. पर्यटक म्हणून जात असाल तर श्रोत्यांत बसा, व्यासपीठावर जाऊ नका. तुम्ही दोन आठवड्यांनी परत याल. चौकशीला सामोरं जायची वेळ मागे राहणाऱ्यांवर येते. विमानतळावर विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. प्रवास विमा घेताना बाबांचा मधुमेह आणि आई, तुझा रक्तदाब दोन्ही जाहीर करा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

बाबा, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो, त्यामुळे मात्रेच्या वेळा बदलतात. डॉक्टरांकडून उड्डाणाच्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. आई, गोळ्या डब्यात काढून नेऊ नकोस, मूळ पाकिटातच असू देत, आणि औषधांची मूळ रासायनिक नावं लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेव. मुक्कामाला लागतील त्याहून एक आठवड्याच्या जास्त घे. झोपेच्या गोळ्या आणि ट्रामाडॉल, कोडीनसारखी वेदनाशामकं काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, हे आधी तपासायला हवं. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. त्या देशाला पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागत असेल तर पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी ती घ्यावी लागते. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुभाष्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण चांगला संदेश इथेच वाया जातो. अर्ध्या तासाच्या वेळेत तुमचं स्वतःचं बोलणं 12 ते 14 मिनिटांचंच बसतं. म्हणजे मुद्दा एक, उदाहरण एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मध्येच तोडलंत तर दुभाष्याच्या हाती काहीच लागत नाही. छोटं, पूर्ण वाक्य बोला आणि थांबा. ओव्या, म्हणी, शब्दांवरचे खेळ नकोत. वचनांची यादी दोन दिवस आधी द्या, म्हणजे तो आपल्या भाषेतलं बायबल काढून ठेवील. स्तोत्रांच्या क्रमांकांकडे लक्ष असू द्या. ग्रीक परंपरेच्या बायबलांत नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र मोजलं जातं, त्यामुळे आपलं 23वं तिथे 22वं असतं. काही भाषांतरांत शीर्षकालाही वचनाचा क्रमांक मिळतो, म्हणून 51व्या स्तोत्रात दोन वचनांचा फरक पडतो. म्हणून क्रमांकासोबत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे ते स्तोत्र’ असंही सांगा. बोलताना दुभाष्याकडे बघू नका, लोकांकडे बघा. आणि संदेशाआधी त्याच्यासोबत प्रार्थना करा. तोही त्या वेळी सेवाच करत असतो, आणि बहुतेक पाहुणे हे विसरतात.

फोटोंच्या बाबतीत कडक राहा. बाप्तिस्म्याचे, नव्या विश्वासणाऱ्यांचे, मुलांच्या वसतिगृहातले फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि यजमानांनी होकार दिला तरी प्रवासात असताना कुठेही टाकू नका. फोनच्या कॅमेऱ्याची स्थाननोंद निघण्याआधीच बंद करा, नाहीतर फोटोसोबत जागेचा पत्ता जातो. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, मायेनंसुद्धा नाही. दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. पैशाच्या मदतीचं वचन तिथे द्यायचं नाही. आई, तुझं मन लगेच भरून येतं म्हणून हे तुझ्यासाठी लिहितेय. एखाद्या कुटुंबाच्या हाती गुपचूप दिलेली रक्कम शेजारच्या चार कुटुंबांत मत्सर पेरते आणि पाळकाला उत्तर देणं कठीण करते. द्यायचंच असेल तर समितीकडे, पावती घेऊन. कुणी मागितलं तर ‘घरी जाऊन मंडळीसमोर मांडू’ एवढंच म्हणा, आणि परतल्यावर ते खरोखर मांडा.

ज्यासाठी जाताय ते पाचारण मोठ्या सभेत नवं होईल असं मला वाटत नाही. एलीया संदेष्ट्याचं बघा ना (1 राजे 19). मरण मागणाऱ्या त्या सेवकाला देवानं आधी झोप दिली, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप आणि पुन्हा भाकर. होरेब डोंगरापर्यंत 40 दिवसांची वाट त्यानंतर. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न तिथे दोनदा येतो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो. तरीही देव त्याला काम देतो, आणि त्या कामात आपल्या जागी येणाऱ्या अलीशाला अभिषेक करणंही असतं. पाचारण नवं होताना त्याचं रूप तेच राहील असं नाही. तुमच्या वयात ते धावण्यापेक्षा कुणाला तरी तयार करण्याचं असू शकेल. त्यालाही तेवढ्याच आनंदानं हो म्हणा, एवढी माझी विनंती आहे.

म्हणून तिथल्या सेवकांसोबत त्यांच्या रोजच्या कामात राहा: आजाऱ्याची भेट, दोन-तीन जणांचा शास्त्राभ्यास, भांडी घासणं, हिशेब लिहिणं. त्यांना विचारा, ‘फळ दिसत नव्हतं त्या वर्षांत कशामुळे टिकलात?’, ‘कुठलं काम थांबवलंत, आणि ते थांबवायचं कसं कळलं?’. विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. रात्री प्रत्येकानं आपापल्या वहीत तीनच ओळी लिहा: आज देवाची कृपा कुठे दिसली, मला काय टोचलं, कुणासाठी प्रार्थना करायची. दोघांच्या वह्या वेगळ्या असू द्या आणि शांततेच्या दिवशीच एकमेकांना वाचून दाखवा. दोन्हीकडे एकच गोष्ट आली असेल तर तिच्यापाशी थांबा.

तुलनेपासून मात्र जपा. त्यांची मंडळी मोठी असेल तर आपलं आयुष्य वाया गेल्यासारखं वाटतं, लहान असेल तर नकळत मान ताठ होते; दोन्हींनी निखाऱ्यावर राखच पडते. पेत्रानंही योहानाकडे बघून ‘ह्याचं काय?’ असं विचारलं होतं, आणि प्रभूनं त्याला आपल्यामागे यायला सांगितलं (योहान 21:21-22).

परतल्यावर पहिला आठवडा कुणालाही काही सांगू नका आणि कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. परतीच्या विमानातला उत्साह आणि दहाव्या दिवशीची उदासी, दोन्ही शिणातून येतात. मग मंडळी जमवून सांगा. पौल आणि बर्णबा यांनी अंत्युखियास परत येऊन हेच केलं, आणि नंतर तिथेच शिष्यांसोबत बराच काळ राहिले (कृत्ये 14:27-28). वीस मिनिटं पुरेत, फोटो दहाहून जास्त नकोत.

आणखी एक करा. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी, केरी, मार्शमन, वॉर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी, 1805 मध्ये आपल्या सेवेची तत्त्वं लिहून काढली आणि दर वर्षी जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक केंद्रात ती मोठ्यानं वाचायची असं ठरवलं. एका भेटीचा परिणाम ओसरतो हे त्यांना चांगलं ठाऊक असावं. तुम्हीही तिकडून आल्यावर एका पानावर, दोघांच्या सहीनं, आता आपलं पाचारण काय आहे ते लिहा: काय करायचं, काय सोडायचं, कुणाला तयार करायचं. मग याच तीन रविवारी ते वाचा. मला त्याची एक प्रत पाठवा. त्या तीन दिवशी मीही इथे ते वाचीन आणि तुमच्यासाठी प्रार्थना करीन.

पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि औषधांच्या चिठ्ठीच्या दोन-दोन प्रती काढा, एक बॅगेत आणि एक माझ्याकडे. पोचल्यावर फक्त ‘पोचलो’ एवढं कळवा, बाकीचं आल्यावर.

तुमची,
लेक