पोकळ आणि रिकामं: मावशींना एक पत्र

मावशी, सलाम.

तुमची नात सुट्टीला आली की हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. गावाचं नाव, तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. चारचौघांत कुणी आभार मानले की तुम्ही पदर तोंडाला लावून मागच्या दाराने निघून जाता, हे ठाऊक आहे. पण मी रुसलो तो आपल्या चर्चच्या सगळ्या मंडळीदेखत, तेव्हा आभारही सगळ्यांदेखतच मानले पाहिजेत.

रुसण्याचं कारण आता सांगायलाही लाज वाटते. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी सहावा, ‘पूर्ण झाले आहे’, अकरा वर्षं उपदेशासाठी माझ्याकडे होता. बाराव्या वर्षी पंचांनी तो आयटीआयला जाणाऱ्या एका पोराला दिला. मला कुणी विचारलंही नाही. (विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं. ते काही पुरतं गेलेलं नाही.) त्या दिवशी मी घरीच बसलो. पुनरुत्थानाच्या रविवारीही (ईस्टरला) गेलो नाही. बायकोला सांगितलं, पोटात दुखतंय. ते खोटंही नव्हतं म्हणा.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही दारात. मला वाटलं, समजूत घालायला आलात. उत्तरं तयार होती माझी. तुम्ही म्हणालात, “मास्तर, नात गेली नर्सिंगला. फिलिप्पैकरांचं पत्र अर्धंच राहिलंय. वाचून दाखवा. समजावू नका, नुसतं वाचा.”

‘समजावू नका’ असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं, बायबलमधलं ते पत्र; त्याचा दुसरा अध्याय काढला. तिसऱ्या वचनात ‘पोकळ डौल’ आला, तेव्हा तुम्ही गप्पच होतात, माझाच आवाज जरा खाली आला. सातव्यात ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केले’ असं आलं. तुम्ही थांबवलंत. “रिक्त म्हंजी?” मी घसा साफ केला आणि देवाचं स्वरूप, दासाचं स्वरूप असं सगळं सुरू केलं. तुम्ही म्हणालात, “रिकामं म्हणा की. आन् मगाशी पोकळ म्हणालात, ते बी रिकामंच. मंग फरक काय?”

मला उत्तर आलं नाही. रात्री कपाटातला, बायबलचा अर्थ उलगडणारा टीकाग्रंथ काढला. मूळ ग्रीकमध्ये त्या दोन्ही ठिकाणचे शब्द एकाच मुळातले निघाले. आत काही नसताना फुगलेलं ते पोकळ. भरलेलं असून दुसऱ्यासाठी ओतून दिलेलं ते रिक्त. अकरा वर्षं व्यासपीठावर उभं राहून मला हे दिसलं नव्हतं. आणि पौलाचं हे पत्र गेलं तेही कुरबुरी असलेल्या मंडळीलाच. चौथ्या अध्यायात पौल दोन बायकांची नावं घेऊन ‘एकचित्त व्हा’ म्हणून विनवतो. ते ऐकल्यावर तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की शेजारीण डोकावली.

त्याच आठवड्यात मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली बाई. त्या बाईने केडगावला (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं) उतारवयात हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, आणि तेही साध्यासुध्या बायकांना कळावं अशा मराठीत. एवढं संस्कृत पोटात असलेल्या बाईने सोपा शब्द शोधत बसायचं, आणि मी, बी.एड. झालेला, ‘प्रायश्चित्तात्मक’सारखा शब्द घातल्याशिवाय खाली उतरत नव्हतो.

पुढच्या रविवारी मी उपासनेला आलो आणि अगदी मागे, दाराशी बसलो. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने शेवटच्या जागी बसायला सांगितलंय ना! लोक वळून बघत होते. मला बरं वाटत होतं. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, “मास्तर, हितं लेकुरवाळ्या बसत्यात. पोर रडलं की बाहेर पडाया बरं. तुम्ही पुढं सरका.” एवढंच. माझं नम्रतेचं सोंग इतक्या स्वस्तात उतरेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून शनिवारी तुमच्याबरोबर सतरंज्या झटकायला येतो. पहिले दोन शनिवार, पाळकसाहेब बघतायत का, याकडे माझा एक डोळा होता. तिसऱ्या वेळी तुम्ही बोलावलंत ते नेमकं साहेब बाहेरगावी असताना. योगायोग असेलही. विचारणार नाही.

आभार कशाचे, ते नीट सांगतो. तुम्ही घरी आलात, त्या शुक्रवारचा शब्दही काढला नाहीत आणि माझ्याकडे एक काम मागितलंत. वाद घातला असतात तर मीच जिंकलो असतो, आणि आजही घरीच बसलो असतो.

यंदाही सहावा उद्गार त्या पोराकडेच आहे. परवा तो टिपणं दाखवायला आला. मी दोन अवघड शब्द खोडले. त्यातला एक त्याने माझ्याच जुन्या उपदेशातून उचलला होता. मला यंदा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, नुसता वाचायचाय, बाकी काही नाही. तुम्ही पुढे बसा. मी समजावायला लागलो की खोका.

तुमचा,
मास्तर