दादांना कुणी विचारलंच नाही

महोदय,

गेल्या श्रावणात आमच्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, तोही यकृतापर्यंत पसरलेला. वय ७८, हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेलेली. रिपोर्ट हातात पडताच घरात एकच कुजबुज सुरू झाली, 'दादांना सांगायचं नाही.' घशात गाठ आहे, औषधानं विरघळेल, असं त्यांना सांगितलं. दवाखान्यात ज्या दाराबाहेर बसायचो त्यावर हातभर अक्षरांत 'कर्करोग विभाग' लिहिलेलं. दादांना चांगलं वाचता येतं.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, केमोनं बरं होणार नाही, झालाच तर थोडा अवधी मिळेल. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "महात्मा फुले योजनेत बसतंय ना? ५ लाखांपर्यंत खर्च नाही, मग थांबायचं कशाला?" आत्या म्हणाली, काहीच केलं नाही तर लोक तोंडात शेण घालतील. योजनेनं आमच्यासारख्यांना तारलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'बसतंय' म्हणजे 'हवंय' नव्हे, हे मला तेव्हा बोलता आलं नाही. दोन केमो झाल्या. दादांना पाण्याचा घोटही उतरेना, नाकातून नळी घातली.

तिसऱ्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं स्टूल ओढलं, दादांच्या समोर बसून विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय हवंय?" दादा म्हणाले, "नळीतनं च्याची चव कळंना झालीया. घशाखालनं जाऊ दे, बाकी कायबी नको. मला काय झालंय ते म्हाईत हाय."

अन्ननलिकेत जाळी बसवली, केमो थांबवली. दसऱ्याला त्यांनी बशीतून अर्धा कप चहा प्यायला, चांगली दहा मिनिटं लावून. पाडव्याला गेले, घरीच.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपीही केली. पण ज्याला आजाराचं नावच सांगितलेलं नाही, तो इच्छा लिहिणार कशाची? ते स्टूल पहिल्याच दिवशी ओढलं जावं, एवढीच सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांना विनंती आहे. नातेवाईक नको म्हणतील. आम्हीही म्हणालो असतो. तरीही विचारावं.

दोन्ही केमोंच्या संमतीपत्रांवर सही माझी आहे, 'नाते' या रकान्यात 'मुलगी'. दादा तेव्हा शेजारच्याच बाकावर बसले होते, चष्मा लावून.

– एक वाचक, इचलकरंजी
(नाव विनंतीवरून गाळले आहे)