काँग्रेसमनसाहेब, आधी ती दुसरी खिडकी उघडा

मा. काँग्रेसमनसाहेब,

सप्रेम नमस्कार. इथे अमेरिकेत मी इंग्रजीत लिहिलेल्या तिन्ही पत्रांना आपल्या कार्यालयाकडून एकच छापील उत्तर आलं, म्हणून यंदा मराठीत लिहितेय. फरक पडणार नाही, निदान मला मनासारखं बोलता येईल.

इराकमध्ये कामी आलेल्या इथल्याच मुलाचं नाव आमच्या पोस्टाला देण्याचं विधेयक आपण मांडलंत. अभिनंदन! ही बातमी असलेलं आपलं पत्रक शेजाऱ्यांच्या पेटीत पडलं होतं. ह्यांच्या साखरेच्या गोळ्या मात्र अकरा दिवस कुणाच्याच पेटीत पडल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली मी, चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कळलं, पाकीट परत गेलं. कारण? पत्ता अपुरा. बावीस वर्षं राहतोय त्या घरात! निवडणूक आली की तुमची पत्रकं बरोब्बर सापडतात तिथे.

मार्चमध्ये वाचनालयातल्या सभेत आपण शब्द दिलात, उन्हाळ्याआधी पोस्टातली दुसरी खिडकी उघडेल. उन्हाळा सरला, पडदा खालीच.

त्या मुलाच्या नावाला माझा विरोध नाही. परवा त्याची आई रांगेत माझ्यापुढेच उभी होती, चाळीस मिनिटं.

आणि नाव तरी कुठे बदलतं? भिंतीवर एक फलक लागतो, टपालाचा पत्ता तोच राहतो. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे आपले दोन्ही पक्ष अशा विधेयकावर मात्र गळ्यात गळे घालून सह्या करतात. तुमच्या काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दर पाच कायद्यांतला एक म्हणे पोस्टाच्या नावाचाच असतो! पत्राचं तिकीट २०१९ साली ५५ सेंट होतं, २०२५च्या जुलैत ७८ झालं. त्याला आवर घालणारा कायदा कुठे अडतो?

आम्हीही भुलतोच म्हणा. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलाच्या पोस्टाला दलीपसिंग सौंद यांचं, म्हणजे तुमच्या काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या भारतीयाचं, नाव लागलं, तेव्हा मीच पेढे वाटले होते. तिकडे मुंबईतही व्हीटीचं १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं. महाराजांचं नाव हवंच, पण दारात लोंबकळणारा माणूस लोंबकळतोच आहे. राज्यकर्ता कुठलाही असो, पाटी लावायला त्याला दमडी लागत नाही आणि उद्घाटनाला फोटो मिळतो.

फलकाच्या समारंभाला त्या माउलीला बोलवालच. निदान त्या दिवशी तरी दुसऱ्या खिडकीत माणूस बसवा. तिला तिकिटं घ्यायची आहेत. परवा तिचा नंबर लागला तेव्हा संपली होती.

आपली,
रांगेतली एक मतदार