मांजराचा तोल

बांदोडे, फोंडा
श्रावण

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

पणजीच्या पाचव्या मजल्यावर गॅलरीच्या कठड्यावरून तुझी मनी रोज फिरते आणि ‘शेपटी आहे तोवर ती पडायची नाही’, असे तू निर्धास्तपणे लिहितोस. शेपटीला एवढे श्रेय मी देणार नाही.

आमचा बोका शेवाळलेल्या चिऱ्याच्या गडग्यावरून जातो, तेव्हा मी त्याच्या खांद्यांकडे पाहतो. पावलागणिक खांद्याचे हाड पाठीच्या वर उचलले जाते आणि पुन्हा खाली जाते. आपल्या गळ्याजवळचे हाड खांद्याला जखडलेले असते. मांजराचे मात्र इवलेसे असून नुसते स्नायूंत रुतलेले असते, त्यामुळे त्याला पुढचे पाय जवळजवळ एका रेषेत टाकता येतात. तो टाचा न टेकता बोटांवर चालतो, आणि मागचे पाऊल पुढच्याने नुकत्याच सोडलेल्या जागी बहुतेक नेमके पडते. अंगणातल्या तांबड्या चिखलात म्हणूनच एखादा दोन पायांचा प्राणी गेल्यासारखे ठसे उमटतात. पुढच्या पायाने पारखलेली जागा मागच्याला आयती मिळते. सुट्या चिऱ्यावरही तो डगमगत नाही, त्याचे निम्मे कारण मला हेच वाटते.

शेपटी अगदीच निरुपयोगी नाही. अरुंद जागी अंग एकीकडे कलले की ती दुसरीकडे वळते. पण जन्मतः शेपटी नसलेली मँक्स मांजरेही पडताना हवेत सुलटी होतात. आतल्या कानातील द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे फिरले ते मेंदूला कळवतात. आधी डोके सरळ होते, मग लवचीक कणा उरलेले अंग वळवतो. 1894 साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली, तेव्हा कशाचाही आधार न घेता ते वळतेच कसे, या प्रश्नाने विद्वान चक्रावले. मांजर कमरेत वाकते, पुढचे पाय आवळून घेते आणि मागचे लांबवते. त्यामुळे पुढचा भाग पुष्कळ वळतो, मागचा उलट दिशेला थोडासाच, आणि नंतर पायांची अदलाबदल करून मागचा भागही वळवला जातो.

परंतु पायांवर पडणे म्हणजे सुखरूप पडणे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांपैकी सुमारे 90 टक्के वाचल्याचा 1987 चा अभ्यास लोक फार ऐकवतात. पण ती दवाखान्यात पोहोचलेली मांजरे होती, जागीच मेलेली त्या हिशोबात नाहीत, आणि पोहोचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला इजा झाली होती. शिवाय मनी पडलीच तर चालताना नव्हे, कबुतरावर झेप घेताना पडेल. तेव्हा चतुर्थीला गावी येण्याआधी गॅलरीला जाळी मारून घे, आणि तिची भोके मनीचे डोके जाणार नाही इतकी बारीक असू देत. खांदे असे सुटे असल्यामुळे एकदा डोके गेले की बाकीचे अंग सहज निघते.

तुझा,
श्रीपाद